प्रोलॅप्सच्या ऑपरेशननंतरची गुंतागुंत: नोंद नेमकी कशी ठेवायची?

युनिट_दोन

आमचं मेडिकल कॉलेजातलं युनिट. वर्षाला प्रोलॅप्सची (गर्भाशय किंवा योनी खाली सरकून अंग बाहेर येणं) ६०-७० ऑपरेशनं. बहुतेक व्हजायनल हिस्टरेक्टमी (योनिमार्गातून गर्भाशय काढणं) आणि रिपेअर, महिन्याला एखाददुसरं सॅक्रोस्पायनस फिक्सेशन (योनीचं टोक ओटीपोटातल्या त्या लिगामेंटला टाक्याने बांधणं), तरुण बायकांत अधूनमधून पोटातून स्लिंग (टेपने गर्भाशय वर टांगणं), आणि यंदापासून जाळी वापरून लॅप्रोस्कोपिक सॅक्रोकॉल्पोपेक्सी (दुर्बिणीतून योनीचं टोक जाळीने सॅक्रमच्या हाडाला बांधणं) सुरू होते आहे.

गुंतागुंतीचा हिशेब सध्या असा: महिनाअखेरीच्या मॉर्बिडिटी मीटिंगच्या आदल्या दिवशी रजिस्ट्रार ओटी (ऑपरेशन थिएटर) रजिस्टर उघडतो आणि जे आठवेल ते लिहितो. त्यामुळे कागदावर आमचं प्रमाण फारच छान दिसतं. 'ब्लीडिंग - मायनर', 'युरिनरी प्रॉब्लेम - मॅनेज्ड' अशा नोंदी. सहा महिन्यांनी वाचल्या तर कोणालाच काही उमगत नाही.

१ तारखेपासून नीट सुरू करायचं आहे. विचारायचं ते एवढंच:

– क्लाविएन-डिंडो (गुंतागुंतीला १ ते ५ ग्रेड देणारा तक्ता) पुरेसं आहे की जाळी-टेपसाठी वेगळं वर्गीकरण लागतं?
– अंग परत बाहेर आलं तर ती गुंतागुंत धरायची का?
– किती दिवस, महिने, वर्षं पाठपुरावा करायचा? आमच्या निम्म्या बायका सहा आठवड्यांनी येतच नाहीत.
– सॉफ्टवेअर नाही. एक्सेल आणि कागद, एवढंच हाताशी आहे.

जुना_टाका

एक्सेल भरपूर झालं. गोंधळ होतो तो शब्दांमुळे. 'मायनर', 'मेजर', 'थोडंसं', 'मॅनेज्ड' हे शब्द पहिल्याच दिवशी बाद करा.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण त्यावर बाकीची मांडणी उभी राहते. तीन खाती वेगळी ठेवा. ऑपरेशननंतरच्या अपेक्षित वाटचालीत आलेला अनपेक्षित बिघाड ही गुंतागुंत. ऑपरेशनचा हेतूच साधला नाही, अंग परत आलं, तर ते अपयश. आणि ऑपरेशनच्या स्वरूपामुळे जे होणारच होतं, उदाहरणार्थ ल फोर्ट केल्यावर योनिमार्ग बंद होणं, तो परिणाम. क्लाविएननेच हा भेद केलेला आहे. एका खात्यात सगळं टाकलं की तुमचा टक्का कशाचा आहे हे तुम्हालाच सांगता येणार नाही. अंग परत आल्याची नोंदही तीन वेगळ्या रकान्यांत करा: हायमेनच्या (योनिमुखावरच्या पडद्याच्या) बाहेर येतंय का (तपासून), बाईला खाली काही आल्यासारखं जाणवतंय का (विचारून), आणि परत ऑपरेशन किंवा अंग आत धरायला योनीत बसवायची रिंग लागली का. बऱ्याचदा तपासणीत दुसरी स्टेज सापडते आणि बाईची काहीच तक्रार नसते.

आता ऑपरेशनचं नाव. 'व्हीएच विथ पीएफआर' (व्हजायनल हिस्टरेक्टमी आणि पेल्विक फ्लोअर रिपेअर) ही आपल्याकडची सर्वात निरुपयोगी नोंद. व्हॉल्ट (गर्भाशय काढल्यावर उरलेलं योनीचं वरचं टोक) कशाला बांधला? युटेरोसॅक्रल लिगामेंटला, मॅककॉलचा टाका घातला, की नुसता बंद केला? टाके किती, विरघळणारे की कायमचे? पुढे मूत्रनलिका अडली किंवा वर्षभराने व्हॉल्टवर टाक्याचं टोक दिसलं, तर हा रकाना नसेल तर कारण शोधायला जागाच उरत नाही. प्रत्येक घटक वेगळा लिहा: हिस्टरेक्टमी, व्हॉल्ट सस्पेन्शन, ॲन्टिरिअर, पोस्टिरिअर आणि पेरिनिअल रिपेअर, स्लिंग, जाळी. प्रत्येकापुढे हो किंवा नाही.

ऑपरेशनच्या आधी जे लिहिलं नाही ते नंतर 'नवीन' म्हणता येत नाही. पुढच्या गोष्टी ॲडमिशनच्या दिवशीच भरून घ्या.

पीओपी-क्यूचे (अंग किती खाली आलं ते सेंटिमीटरमध्ये मोजण्याची पद्धत) नऊच्या नऊ आकडे हवेत, नुसती स्टेज नको. १९९६ ची पद्धत आहे, दोन मिनिटांचं काम. बाईला जोर करायला लावून मोजायचं. टीव्हीएल (योनीची एकूण लांबी) मात्र जोर न करता. भूल दिल्यावर व्हल्सेलम (चिमटा) लावून ओढून घेतलेला 'सी' पॉइंट (गर्भाशयमुखाची जागा) त्या रकान्यात लिहू नका. तो नेहमी जास्तच येतो आणि मग तुमचं ऑपरेशन उगाच फार यशस्वी दिसतं.

किडनीची सोनोग्राफी. तिसऱ्या-चौथ्या स्टेजला मूत्रनलिका खाली ओढल्या जाऊन आधीच थोडं हायड्रोनेफ्रोसिस (लघवी साचून किडनी फुगणं) असू शकतं. आधीचा रिपोर्ट नसेल तर नंतर दिसलेला फुगवटा तुमच्या टाक्याच्या नावावर जातो. उलटंही होतं: खरंच टाक्याने अडलेली नलिका 'जुनंच असेल' म्हणून सोडून दिली जाते.

प्रोलॅप्स आत ढकलून, मूत्राशयात ३०० मिली भरून खोकायला लावा. बाहेर आलेल्या अंगामुळे मूत्रमार्ग दुमडलेला असतो, म्हणून खोकल्यावर लघवी सुटत नाही. अंग वर गेलं की सुटायला लागते. २०१२ च्या ओपस चाचणीत आधी तशी तक्रार नसलेल्या बायकांत, मूत्रमार्गाखाली स्लिंग (लघवी सुटू नये म्हणूनची टेप) न घालता योनिमार्गातून प्रोलॅप्सचं ऑपरेशन केलेल्यांपैकी ४९.४ टक्क्यांना तीन महिन्यांनी लघवी सुटण्याचा त्रास होता किंवा त्यावर उपचार लागले होते. स्लिंग घातलेल्या गटात हा आकडा २३.६. म्हणजे हा अपवाद नव्हे. पण आधीची नोंद नसेल तर ती तुमची चूक होती की लपलेला आजार, हे कळणार नाही.

तंबाखू खाता का, असं विचारू नका. 'मिश्री लावता का' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला 'नाही' म्हणणारी बाई दुसऱ्याला 'दिवसातून दोनदा' म्हणते. बाकी एचबी, एचबीएवनसी, जुनाट खोकला, डेक्युबिटस अल्सर (बाहेर आलेल्या अंगावरची जखम) होता का आणि किती सेंटिमीटर, संबंधाच्या वेळी आधी दुखत होतं का.

टेबलवरच्या घटनांसाठी वेगळं पान. क्लाविएन-डिंडो फक्त ऑपरेशननंतरचं मोजतं. मूत्राशयाला भोक पडलं, दोन थरांत शिवलं, कॅथेटर १० दिवस ठेवला आणि पुढे सगळं ठीक, तर त्या तक्त्यात ती बाई जवळजवळ कोरी दिसते. म्हणून लिहा: इजा कुठे, केव्हा लक्षात आली (लगेच, मेथिलिन ब्लू भरल्यावर, की दुसऱ्या दिवशी पॅड भिजल्यावर), काय केलं. केव्हा लक्षात आली, हा रकाना सर्वात महत्त्वाचा. टेबलवर सापडलेली इजा आणि आठव्या दिवशी सापडलेला फिस्टुला यांची मूळ चूक एकच असते, पण बाईच्या वाट्याला येणारं दुखणं अगदी वेगळं.

युटेरोसॅक्रल सस्पेन्शन केलं तर टाके बांधल्यावर सिस्टोस्कोपी (दुर्बिणीने मूत्राशय बघणं) केली का आणि दोन्ही मूत्रनलिकांतून लघवीचे जेट दिसले का, हा रकाना सक्तीचा करा. मूत्रनलिका गर्भाशयमुखाच्या पातळीवर लिगामेंटपासून सेंटिमीटरभर अंतरावरच असते, वर सॅक्रमकडे जाताना लांब जाते. जेट दिसला नाही तर त्या बाजूचा सर्वात बाहेरचा टाका सोडून परत बघतात. टाका सोडून जेट आला, तर तीही घटना म्हणून लिहायची, लपवायची नाही.

रक्तस्राव डोळ्यांनी मोजू नका. भिजलेल्या मॉपच्या वजनातून कोरड्याचं वजन वजा करा, १ ग्रॅमला १ मिली धरा, सक्शनमधलं मिळवा, धुतलेलं सलाईन वजा करा. एचबी आधीचं आणि ४८ तासांनंतरचं. ऑपरेशनआधी ॲनिमियासाठी दिलेली रक्ताची बाटली गुंतागुंतीत मोजायची नाही. आपल्याकडे ही चूक सर्रास होते.

युनिट_दोन

आभार, सर. क्लाविएन-डिंडोबद्दल एक अडचण. आमची सगळी ऑपरेशनं कमरेच्या भुलीत. परत ओटीत नेलं तरी कमरेचीच भूल. मग ३ए की ३बी?

जुना_टाका

हा प्रश्न येणार हे ठाऊकच होतं. २००४ च्या सुधारित तक्त्यात असं आहे. ग्रेड १ म्हणजे वाटचाल बिघडली पण वेदनाशामक, तापाचं, उलटीचं औषध, डाययुरेटिक, सलाईन-इलेक्ट्रोलाइट, फिजिओथेरपी यापलीकडे काही लागलं नाही. वॉर्डातच जखमेचे टाके उघडले तरी ग्रेड १. ग्रेड २ म्हणजे याहून वेगळं औषध. लघवीच्या संसर्गाला अँटिबायोटिक, रक्त चढवणं, ही ग्रेड २. ग्रेड ३ म्हणजे सर्जरी, एन्डोस्कोपी किंवा रेडिऑलॉजीचा हस्तक्षेप: पूर्ण भुलीशिवाय असेल तर ३ए, पूर्ण भुलीत असेल तर ३बी. ग्रेड ४ जिवावर बेतलेलं, आयसीयूत न्यावं लागलेलं: एक अवयव निकामी तर ४ए, अनेक तर ४बी. ग्रेड ५ मृत्यू. डिस्चार्जच्या वेळीही त्रास उरलेला असेल तर ग्रेडपुढे 'डी' लावायचा.

अक्षरशः वाचलं तर व्हॉल्ट हिमॅटोमासाठी (व्हॉल्टवर साचलेलं रक्त) रात्री दोन वाजता कमरेच्या भुलीत परत ओटीत नेलेली बाई आणि मायनर ओटीत जागा बधिर करून ग्रॅन्युलेशन (जखमेवर वाढलेलं लाल मांस) कापलेली बाई एकाच ३ए मध्ये बसतात. ते बरोबर वाटत नाही. म्हणून भुलीचा प्रकार वेगळ्या रकान्यात लिहा (काही नाही, जागेवरची, कमरेची, पूर्ण), आणि जागा वेगळ्या रकान्यात (वॉर्ड, मायनर ओटी, मेजर ओटी, आयसीयू). कमरेची भूल कुठे मोडायची हे युनिटने एकदा लेखी ठरवायचं, पहिल्या पानावर डकवायचं आणि प्रसिद्ध करताना स्पष्ट सांगायचं. वर्षाच्या मध्यात नियम बदलायचा नाही.

लघवी तुंबून कॅथेटर परत घालावा लागला तर बरेच जण ग्रेड १ धरतात. तेही पहिल्या पानावर लिहा. पण मुळात तुंबणं म्हणजे काय हे ठरलेलं हवं. सोपी पद्धत: कॅथेटरमधूनच ३०० मिली सलाईन भरा, कॅथेटर काढा, अर्ध्या तासात करायला सांगा आणि मोजा. २०० मिली किंवा जास्त आली तर पास. नाहीतर नापास, कॅथेटर परत, तारीख लिहा. 'लघवी झाली, असं सिस्टरने सांगितलं' ही नोंद नव्हे.

घटना लिहिण्याचा क्रम असा ठेवा: तारीख, ऑपरेशननंतरचा कितवा दिवस, काय आढळलं, कसं आढळलं, काय उपचार दिला, कुठे, कोणत्या भुलीत, शेवट काय झाला. ग्रेड सर्वात शेवटी, आणि तो ऑपरेशन केलेल्या सर्जनने द्यायचा नाही. दुसऱ्या युनिटच्या लेक्चररला महिन्यातून एक तास बसवा. स्वतःच्या हातून झालेलं स्वतःला नेहमी एक ग्रेड खालचं दिसतं.

जाळी_आणि_टेप

वरचं सगळं मान्य, एक भर. सॅक्रोकॉल्पोपेक्सी सुरू करताय आणि स्लिंग घालताय, म्हणजे दुसरं वर्गीकरण लागणारच. इंटरनॅशनल युरोगायनेकॉलॉजिकल असोसिएशन आणि इंटरनॅशनल काँटिनन्स सोसायटीचं २०११ चं जाळी-टेप-ग्राफ्टसाठीचं. त्यात तीन गोष्टींचा संकेत बनतो: प्रकार, वेळ, जागा.

प्रकार १ ते ७. १ म्हणजे योनीचं अस्तर शाबूत, पण जाळी हाताला लागते, आकसली आहे, दुखते. २ म्हणजे अस्तर उघडून १ सेंमी किंवा त्याहून कमी जाळी दिसते. ३ म्हणजे १ सेंमीपेक्षा जास्त, किंवा जाळी बाहेरच येते आहे. ४ मूत्रमार्ग-मूत्राशय, ५ गुदाशय-आतडं, ६ त्वचा किंवा स्नायू-हाडं, ७ हिमॅटोमा किंवा संपूर्ण शरीरावरचा परिणाम. त्यापुढे मोठ्या लिपीतलं इंग्रजी अक्षर, योनीच्या प्रकारांत (१ ते ३) असं: ए म्हणजे त्रास नाही, बी त्रास आहे, सी संसर्ग, डी गळू. मग वेदनेसाठी छोट्या लिपीतलं ए ते ई: नाही, तपासताना, संबंधाच्या वेळी, हालचालीत, आपोआप.

वेळ: टी१ म्हणजे ४८ तासांपर्यंत, टी२ पुढे २ महिन्यांपर्यंत, टी३ २ ते १२ महिने, टी४ वर्षानंतर. ही वेळ निदान झालं तेव्हाची, तक्रार सुरू झाली तेव्हाची नव्हे. जागा: एस१ योनीत टाक्यांच्या रेषेवर, एस२ योनीतच पण रेषेपासून दूर, एस३ ट्रोकारच्या (टेप ओढायची सुई) वाटेवर, एस४ इतर त्वचा किंवा स्नायू-हाडं, एस५ पोटात, एस० संपूर्ण शरीर.

'इरोजन' शब्द लिहू नका. त्याखाली जाळी उघडी पडणं, बाहेर येणं आणि मूत्राशयात शिरणं असं सगळंच खपतं. काय दिसलं आणि किती मिलिमीटर, एवढं लिहा.

लोक इथे एक गोष्ट विसरतात. आपल्याकडच्या जुन्या स्लिंगही यात येतात. शिरोडकर, पुरंदरे, खन्ना, जोशी, सगळ्यांत मर्सिलीन टेप वापरतात, आणि ती पॉलिएस्टरची विणलेली टेप म्हणजे इम्प्लांटच. विणलेल्या धाग्यांच्या फटी इतक्या बारीक की जंतू शिरतात पण त्यांना खाणाऱ्या पेशी शिरू शकत नाहीत. म्हणून संसर्ग झाला तर तो धुमसत राहतो. प्रत्येक स्लिंगचं दुखणं वेगळं, तेव्हा 'ॲब्डॉमिनल स्लिंग' असं एकच नाव नको. शिरोडकरमध्ये टेप मागून सॅक्रल प्रोमोंटरीला जाते: तिथे मधल्या सॅक्रल शिरा, डाव्या कॉमन इलियॅक व्हेनचा धोका, डावीकडे सिग्मॉइड (मोठं आतडं) टाळण्यासाठी सोआस स्नायूतून फिरवताना जेनिटोफेमोरल नर्व्हला धोका. खन्नामध्ये टेप अँटिरिअर सुपिरिअर इलियॅक स्पाइनला (कमरेच्या हाडाचं पुढचं टोक): तिथे वाकताना दुखणं किंवा सायनस (पू वाहणारं छिद्र) झाला तर प्रकार ६, जागा एस४. पुरंदरेमध्ये गर्भाशय पुढच्या बाजूला पोटाच्या भिंतीकडे ओढलं जातं, मागची पोकळी उघडी राहते, म्हणून एन्टेरोसील (आतडं योनीच्या मागे खाली उतरणं). तो मात्र अपयशाच्या खात्यात.

जाळी किंवा टेपच्या पाकिटावरचं बॅच नंबरचं स्टिकर सहसा कचऱ्यात जातं. एक स्टिकर इनडोअर पेपरवर, एक तुमच्या कार्डावर, एक डिस्चार्ज कार्डावर चिकटवा. गडबड निघाली तर मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडियाला (वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारींची सरकारी नोंद) कळवता येतं. तो कार्यक्रम जुलै २०१५ मध्ये सुरू झाला, समन्वय गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे आहे. फॉर्ममध्ये बॅच नंबर रिकामा असेल तर त्या तक्रारीत जीव राहत नाही.

पाठपुरावा किती, तर जाळीसाठी वर्षभर पुरत नाही. केअर चाचणीच्या पुढच्या पाठपुराव्यात, पोटातून केलेल्या सॅक्रोकॉल्पोपेक्सीनंतर जाळी किंवा टाका उघडा पडण्याची अंदाजित शक्यता ७ वर्षांत १०.५ टक्के निघाली. पहिल्या वर्षात नोंदवही बंद करणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

योनीतून घालायच्या जाळीचंही असंच झालं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवरची सरकारी नियामक संस्था) ऑक्टोबर २००८ मध्ये पहिली सूचना काढली. २००८ ते २०१० या तीन वर्षांत प्रोलॅप्सच्या जाळीबद्दल १,५०३ तक्रारी तिथे नोंदल्या गेल्या, पण जाळ्या बसवल्या किती याचा मेळ नव्हता, त्यामुळे प्रमाण काढता येईना. जुलै २०११ मध्ये सूचना कडक झाली, जानेवारी २०१६ मध्ये उपकरण सर्वाधिक जोखमीच्या वर्गात टाकलं, आणि १६ एप्रिल २०१९ ला विक्रीच थांबवली. खाली भागायला आकडा नसला की वरच्या आकड्यावर नुसती भांडणं होतात.

युनिट_दोन

दोन काल्पनिक केस देते, संकेत बरोबर येतोय का बघा.

एक: सॅक्रोकॉल्पोपेक्सीनंतर १४ महिने. व्हॉल्टच्या टाक्यांच्या रेषेवर ८ मिमी जाळी दिसते. अंगावरून पांढरं जातं, संबंधाच्या वेळी तिला दुखतं. संसर्ग नाही.

दोन: व्हजायनल हिस्टरेक्टमी आणि उजवीकडे सॅक्रोस्पायनस. लघवी तुंबून कॅथेटर परत. चौथ्या दिवशी ताप, कल्चर पॉझिटिव्ह, अँटिबायोटिक. पहिल्या दिवसापासून उजव्या ढुंगणात कळ, मांडीच्या मागून पायात उतरते. सहाव्या दिवशी कमरेच्या भुलीत टाका काढला.

जाळी_आणि_टेप

पहिली: प्रकार २, विभाग बी, वेदना सी, टी४, एस१. आता ही जाळी पुढे वाढून १५ मिमी झाली तर नवी गुंतागुंत लिहायची नाही. त्याच गुंतागुंतीचा प्रकार ३ होतो, शेवटचा सर्वात वरचा धरायचा. पण तिलाच वेगळा हिमॅटोमा झाला असता तर तो वेगळा संकेत.

दुसरीत जाळी नाही, तेव्हा क्लाविएन-डिंडो: तुंबणं १, संसर्ग २, टाका काढणं ३ए किंवा ३बी, तुमच्या पहिल्या पानावरच्या नियमाप्रमाणे. आणि ढुंगणातल्या दुखण्याबद्दल: सॅक्रोस्पायनसनंतर थोडं दुखणं बऱ्याच जणींना होतं आणि सहा आठवड्यांत ओसरतं. ऑप्टिमल चाचणीत उपचार लागावा इतकं नर्व्हचं दुखणं सॅक्रोस्पायनस गटात १२.४ टक्के, युटेरोसॅक्रल गटात ६.९. पण मूत्रनलिका अडणं उलट: युटेरोसॅक्रलमध्ये ३.२, सॅक्रोस्पायनसमध्ये शून्य. कार्डावर 'दुखतं' न लिहिता ० ते १० चा आकडा, बाजू, आणि पायात उतरतं का, हे तिन्ही रोज लिहा. पहिल्याच दिवशी तीव्र कळ पायात उतरत असेल तर टाका लवकर काढण्याचा निर्णय त्याच आकड्यांवर होतो. टाका इश्चियल स्पाइनपासून (ओटीपोटातलं हाडाचं टोक) दोन सेंमी आत घेतला का, हेही ऑपरेशन नोटमध्ये हवं.

पीएसएम_विभाग

पीएसएम म्हणजे सामुदायिक वैद्यक विभागाकडून, आकडेमोडीच्या बाजूने थोडं.

दुसऱ्या केसमध्ये तीन गुंतागुंती आहेत. फक्त सर्वात वरचा ग्रेड मोजला तर बाकी दोन हरवतात. त्यासाठी काॅम्प्रिहेन्सिव्ह कॉम्प्लिकेशन इंडेक्स (सगळ्या गुंतागुंतींचा मिळून एक आकडा, ० ते १००) वापरा. प्रत्येक ग्रेडला वजन: १ ला ३००, २ ला १७५०, ३ए २७५०, ३बी ४५५०, ४ए ७२००, ४बी ८५५०. बेरीज करा, वर्गमूळ घ्या, दोनाने भागा. मृत्यू म्हणजे सरळ १००. तुमच्या केसला ३ए धरलं तर ३०० + १७५० + २७५० = ४८००, उत्तर ३४.६. ३बी धरलं तर ६६००, उत्तर ४०.६. भुलीच्या नियमाने किती फरक पडतो ते बघा. एक्सेलमध्ये एका ओळीचं सूत्र आहे.

एक्सेलची मांडणी: दोन पानं. पहिल्यात एका ऑपरेशनला एक ओळ. दुसऱ्यात एका घटनेला एक ओळ. दोन्ही ऑपरेशन क्रमांकाने जोडलेली. एकाच ओळीत 'गुंतागुंत १, गुंतागुंत २, गुंतागुंत ३' असे रकाने करू नका, चौथी आली की फाइल मोडते. उत्तरं ड्रॉपडाउनमधून. रिकामा रकाना आणि 'नाही' यांत फरक ठेवा: विचारलंच नाही तर ९९. रिकामं सोडलं की शेवटी ते 'नाही' म्हणून मोजलं जातं, आणि शून्य टक्के गुंतागुंतीची युनिटं अशीच तयार होतात.

शून्याबद्दल आणखी एक. ३० ऑपरेशनं झाली, मूत्राशयाची एकही इजा नाही. याचा अर्थ धोका शून्य असा होत नाही. ढोबळ नियम: ३ ला केसच्या संख्येने भागा. ३० मध्ये शून्य म्हणजे खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. ६० मध्ये शून्य म्हणजे ५ टक्क्यांपर्यंत. वर्षाला साठ केसवर दोन सर्जनची तुलना करायला जाऊ नका, आकडे भांडण लावण्यापुरतेच निघतील.

टक्केवारी देताना 'इतक्यांपैकी इतक्या तपासल्या' हे आधी. ६४ ऑपरेशनं, सहा आठवड्यांनी ३८ आल्या, त्यात ६ जणींना ग्रॅन्युलेशन. हे ६ भागिले ३८ आहे, ६ भागिले ६४ नाही. न आलेल्या २६ जणी बऱ्या आहेत असं गृहीत धरण्याला काही आधार नाही.

आणि पुढे प्रसिद्ध करायचा विचार असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी पहिल्या केसच्या आधी. नाव आणि क्रमांक यांची यादी वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्डसह.

वॉर्ड_सिस्टर

न येणाऱ्या बायकांचं सांगते, मॅडम. डॉक्टर 'सहा आठवड्यांनी या' लिहितात. ऊसतोडीवरच्या बाईला दिवाळीनंतर सहा आठवडे म्हणजे कारखान्याचा फड. ती मार्च-एप्रिलमध्येच गावी परतणार. डिस्चार्जच्या वेळी विचारा, 'पुढचे सहा महिने कुठे असणार?' आणि तारीख त्याप्रमाणे द्या. पेरणी-काढणीचंही तेच.

फोन नंबर दोन घ्या: एक तिचा, एक घरातल्या बाईचा, सुनेचा किंवा बहिणीचा. नवऱ्याचा किंवा मुलाचा एकच नंबर असेल तर खालचं काही विचारताच येत नाही. आशा ताईंचं नावही कार्डावर लिहून ठेवा.

फोनवर 'बरं आहे का' विचारलं की उत्तर 'बरंय' येतं. नेमकं विचारायचं. खाली काही आल्यासारखं वाटतं का, धुताना हाताला काही लागतं का. लघवीला जोर करावा लागतो का, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं का, उन्हाळी लागते का. खोकताना-शिंकताना सुटते का. अंगावरून पांढरं किंवा लाल जातं का, वास येतो का. संडासला बोटाने आधार द्यावा लागतो का. दुसऱ्या दवाखान्यात गेला होतात का, तिथे काय दिलं, सुई की सलाईन. हा शेवटचा प्रश्न सोडू नका. लघवीचा संसर्ग गावच्या डॉक्टरकडेच बरा होतो आणि आपल्या वहीत येतच नाही.

संबंधाबद्दल फोनवर विचारू नये, समोर आल्यावर, पडदा ओढून, सासू बाहेर असताना. उत्तराचे पर्याय 'दुखतं, दुखत नाही' एवढेच ठेवले तर अर्ध्या कार्डांवर चुकीचं येतं. 'संबंध नाहीत' असा तिसरा हवा आणि त्यापुढे कारण: नवरा नाही, नवरा आजारी, भीती वाटते, दुखतं म्हणून बंद. शेवटची दोन आपल्या कामाची आहेत.

कॅथेटर घेऊन घरी गेलेली बाई कार्डावर लाल पेनाने. किती तारखेला काढायचा आणि कुठे, हे नातेवाइकाकडून परत म्हणवून घ्यायचं.

आणि पॅक. योनीत किती लांब पॅक (रक्त थांबवायची गॉजची पट्टी) घातला, एकच की दोन जोडून, हे ओटीतून निघतानाच लिहून द्या. शेवट कॅथेटरला बांधायचा. दुसऱ्या दिवशी काढताना लांबी मोजून दोघींच्या सह्या. नोंदीत 'पॅक रिमूव्हड' एवढंच असतं, आणि दोन जोडलेले असताना एकच निघाला तर तो घाण वास येईपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

युनिट_दोन

सिस्टर, पॅकचा रकाना आमच्या कार्डावर नव्हताच. घातला. सर, कमरेची भूल आणि मेजर ओटी असेल तर आम्ही ३बी धरायचं ठरवलं आहे, पहिल्या पानावर तसं लिहिलं. 'पीएसएम_विभाग', न आलेल्यांसाठी ९९ ऐवजी ९८ वापरला तर चालेल का? म्हणजे 'विचारलं नाही' आणि 'आलीच नाही' वेगळं राहील.

पीएसएम_विभाग

चालेल, उलट तेच बरं. सरासरी काढताना मात्र ९८ आणि ९९ दोन्ही वगळायला विसरू नका, नाहीतर वेदनेचा सरासरी आकडा दहाच्या वर जाईल.